मधल्या चित्रांचा जामीन कोण?

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील आठवीच्या मुलांसाठी आम्ही संगणकावर एक लहानसे चलचित्र तयार केले होते. विषय होता बेडकाचे रूपांतरण. सुरुवातीला शेपटीवाला काळसर बेडूकमासा आणि सहा सेकंदांनी त्याच जागी चार पायांवर बसलेला बेडूक. आम्ही फक्त पहिले आणि शेवटचे चित्र काढले होते. मधला सगळा आकारबदल सॉफ्टवेअरने एका आज्ञेसरशी करून दिला. बेडूकमासा लोण्यासारखा वितळत गेला आणि त्यातून बेडूक वर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, चित्र पुन्हा पुन्हा दाखवायला लावले. आम्हीही खूश होतो.

तास संपल्यावर एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "सर, म्हणजे शेपूट मधोमध चिरते आणि त्याचेच मागचे दोन पाय होतात ना?"

आम्ही चित्र एकेक चौकट थांबवत पाहिले. मुलीचे निरीक्षण अचूक होते. दुसऱ्या सेकंदापासून शेपूट टोकाकडून दुभंगत होते, दोन्ही फाटे दोन बाजूंना सरकत होते आणि त्यांचे पाय बनत होते. आम्ही असे काही काढले नव्हते, आमच्या मनातही ते नव्हते. पण पडद्यावर ते स्पष्ट दिसत होते आणि एका हुशार मुलीने ते शिकून घेतले होते.

प्रत्यक्षात काय घडते? शेपूट शाबूत असतानाच त्याच्या बुडाशी मागचे पाय फुटतात. पुढचे पाय कल्ल्यांवरच्या आवरणाखाली वाढतात आणि मग बाहेर येतात. पाय आल्यानंतर शेपूट आखडू लागते; त्यातील पेशी मरतात आणि त्यांतील द्रव्ये शरीर पुन्हा वापरते. याच काळात लांबलचक गुंडाळलेले आतडे आखूड होते, कारण शेवाळावर जगणारा प्राणी आता किडे खाणार असतो. या साऱ्याला चालना मिळते ती थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे. गुडेरनाट्श या शास्त्रज्ञाने १९१२ साली बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले आणि त्यांचे रूपांतरण वेळेआधीच होते हे दाखवून दिले. आमच्या सहा सेकंदांत यातले काहीही नव्हते. शेपटीचे पाय होतात, ही एकच गोष्ट त्यात होती आणि ती खोटी होती.

आकार बदलणारी चलचित्रे करणे आता कोणत्याही शाळेच्या आवाक्यात आले आहे. १९९६ साली बाजारात आलेल्या फ्लॅश या सॉफ्टवेअरने ही सोय घराघरात नेली. ती चलचित्रे दाखवणारा फ्लॅश प्लेअर २०२० अखेर बंद झाला. पण सोय गेली नाही. पॉवरपॉइंटमध्ये 'मॉर्फ' नावाने ती आहे, मोफत मिळणाऱ्या सिन्फिगमध्ये आहे. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी अशी डझनभर चलचित्रे दिसतात. त्यांचे कौतुक होते ते ती किती सुबक आहेत यावरून. आमच्या मते त्यांची परीक्षा निराळ्या प्रश्नाने व्हायला हवी. पहिले आणि शेवटचे चित्र आपण दिले. मग मधल्या चित्रांचा जामीन कोण?

संगणक मध्ये काय भरतो?

उत्तरासाठी आधी संगणकाचे काम समजून घेऊ. ते फार साधे आहे. पहिल्या आकाराच्या कडेवर काही बिंदू असतात, शेवटच्या आकाराच्या कडेवरही असतात. संगणक त्यांच्या जोड्या लावतो आणि प्रत्येक जोडीला सरळ रेषेत एकीकडून दुसरीकडे चालवतो. समजा एक बिंदू (२, ८) येथून (१०, ४) येथे जायचा आहे. पाव वेळ झाली की तो (४, ७) येथे असेल, निम्मी वेळ झाली की (६, ६) येथे. याला गणितात रेषीय अंतर्वेशन म्हणतात. आठवीतल्या मुलाला ते वहीत करता येते. संगणक ते हजारो बिंदूंसाठी क्षणात करतो, एवढाच फरक.

मुख्य प्रश्न जोड्यांचा आहे. कोणता बिंदू कोणाचा जोडीदार, हे संगणकाला कळण्याचा काही मार्ग नाही. तो बहुधा क्रमाने किंवा जवळिकीने जोड्या लावतो. आमच्या बेडूकमाशात शेपटीचे बिंदू पायांच्या बिंदूंजवळ पडले, म्हणून शेपटीचे पाय झाले. फ्लॅशमध्ये यावर उपाय होता. दोन्ही आकारांवर अ, ब, क अशा खुणा ठेवून आपण संगणकाला सांगू शकत होतो की डोळा डोळ्याकडे जाऊ दे, नाक नाकाकडे. पण जी गोष्ट पहिल्या चित्रात नाहीच, तिची खूण कोठे ठेवणार? बेडूकमाशाला पायच नाहीत. तेथे सॉफ्टवेअर आकार कुठून तरी ओढून आणणारच.

जोड्या बरोबर लागल्या तरी काम संपत नाही. यासाठी एक प्रयोग वर्गात जरूर करावा. घड्याळाचा दहा सेंटिमीटर लांबीचा काटा आधी बारावर आणि नंतर तीनवर काढा. काट्याच्या टोकाचे स्थान पहिल्यांदा (०, १०) आणि नंतर (१०, ०). निम्म्या वाटेवर संगणकाच्या हिशेबाने टोक (५, ५) येथे येईल. आता काट्याची लांबी मोजा. ती दहा नाही, सुमारे ७.१ सेंटिमीटर भरेल. तीनऐवजी सहापर्यंत जायचे असेल तर आणखी गंमत. मध्यावर टोक (०, ०) येथे, म्हणजे काटा नाहीसाच! घड्याळाचा काटा आखडतो, लुप्त होतो आणि उलट्या बाजूने पुन्हा उगवतो, असे चित्र मिळेल. दोन्ही टोकांची चित्रे शंभर टक्के खरी आणि मधले प्रत्येक चित्र खोटे. काटा फिरतो, त्याची लांबी बदलत नाही, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. संगणकाला ती कोणी सांगितलेली नाही. बिंदूंऐवजी कोन बदलायला सांगितले की चूक लगेच दुरुस्त होते.

कलावंताचा जामीन

कलेच्या क्षेत्रात हा प्रश्न कधी अडला नाही, कारण तेथे जामीन स्वतः कलावंत असतो. फ्रान्सच्या एमिल कोलने १९०८ साली सुमारे सातशे रेखाचित्रे हाताने काढून 'फँटास्मागोरी' हा लघुपट केला. त्यात एका वस्तूची दुसरी वस्तू होत जाते. प्रत्येक मधले चित्र त्याच्या कल्पनेतून आलेले आहे, ते निसर्गात असते असा दावा त्याने केलेला नाही.

मधली चित्रे संगणकाकडे सोपवण्याचे तंत्र विकसित केले ते कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील बर्टनिक आणि वेन यांनी. त्याच्या आधारे पीटर फोल्डेसने १९७४ साली 'भूक' या अर्थाच्या नावाचा अकरा मिनिटांचा लघुपट केला. एक माणूस खात सुटतो, फुगत जातो आणि शेवटी उपाशी माणसांचा घोळका त्यालाच खाऊन टाकतो. येथे आकारांचे वितळणे हाच चित्राचा आशय आहे. संगणकाने भरलेल्या मधल्या रेषा काहीशा लिबलिबीत आणि बेढब वाटतात, आणि तो बेढबपणाच फोल्डेसने कामाला लावला. साधनाचा दोष ओळखून त्याला अर्थ देणे हे मोठ्या कलावंताचे लक्षण आहे.

१९९१ साली 'टर्मिनेटर २' या चित्रपटातील पाऱ्यासारखा खलनायक आणि मायकेल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' या गाण्याच्या शेवटी एकमेकांत मिसळत जाणारे निरनिराळ्या वंशांचे चेहरे जगभर गाजले. त्या चेहऱ्यांमधले 'अर्धे' चेहरे कोणाचेच नव्हते. पण ते कोणाचे तरी आहेत असा कोणाचा समजही झाला नाही. माणसे माणसांसारखीच असतात एवढेच त्यांना सांगायचे होते, आणि तेवढ्यापुरते ते खरे होते.

निसर्गाचा जामीन

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस कॅमेऱ्याने टिपली. ती सलग दाखवल्यावर अंकुर वर येतो, पाने उलगडतात आणि रोप भराभर वाढते असे दिसले. पुढच्या चित्रपटाला भांडवल मिळवून देण्यात या छोट्या फितीचा मोठा वाटा होता.

वाटाण्याची ती फीत आणि आमचा बेडूक वरवर सारखेच वाटतील. दोन्हींत वेळ दाबून लहान केला आहे, दोन्हींत सजीवाचा आकार बदलतो. पण फाळक्यांच्या प्रत्येक चौकटीसमोर खरे रोप उभे होते. फीत कोठेही थांबवा, तेथे त्या दिवशीचा वाटाणा दिसेल. आमची फीत मध्येच थांबवली तर जगात कधीच नसलेला प्राणी दिसत होता.

चाळीस सेकंदांतील उत्क्रांती

विज्ञानप्रसारातील सर्वांत नावाजलेले आकारबदलाचे चलचित्र बहुधा कार्ल सेगन यांच्या १९८० सालच्या 'कॉसमॉस' मालिकेतील असावे. एका पेशीपासून माणसापर्यंतचा प्रवास साध्या रेषांनी काढला आहे. पेशीचे बहुपेशीय जीव होतात, पुढे मासा, मग जमिनीवरचे चतुष्पाद, करत करत माणूस. आधी सेगन निवेदन करत हा प्रवास सावकाश दाखवतात आणि नंतर तोच चाळीस सेकंदांत संगीताबरोबर पुन्हा दाखवतात. चार अब्ज वर्षे, चाळीस सेकंद. पहिल्यांदा पाहताना आमच्या अंगावर काटा आला होता, आणि आजही तो भाग पाहिला की येतो.

या कामाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. चित्रे केवळ बाह्यरेषेची आहेत. कातडी, डोळ्यांची चमक, छाया असे काही नाही. त्यामुळे हा खरा प्राणी आहे असा भास होत नाही, ही आकृती आहे हे प्रेक्षकाला सतत कळत राहते. शिवाय मधल्या टप्प्यांना जीवाश्म आणि तुलनात्मक शरीररचना यांचा आधार आहे. पेशी आणि माणूस अशी दोनच चित्रे देऊन मधले संगणकावर सोडलेले नाही.

तरीही दोन आक्षेप राहतात. पहिला काळाच्या प्रमाणाचा. चार अब्ज वर्षे चाळीस सेकंदांत बसवली, तर एका सेकंदाला दहा कोटी वर्षे येतात. प्राण्यांचा ज्ञात इतिहास साधारण साठ कोटी वर्षांचा, म्हणजे सहा सेकंदांचा. प्रमाण पाळले असते तर पहिली चौतीस सेकंदे प्रेक्षकाने मुख्यतः सूक्ष्म जीवच पाहत बसायला हवे होते! सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर एका चौकटीत चाळीस लाख वर्षे. आपले आणि चिंपांझीचे पूर्वज वेगळे झाले त्याला साठसत्तर लाख वर्षे झाली, म्हणजे दोन चौकटीसुद्धा नाहीत. आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे एका चौकटीचा तेरावा हिस्सा. हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला तर आमच्या मते त्या चाळीस सेकंदांपेक्षाही अधिक थरारक ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्क्रांती झाडासारखी फांद्या फुटत जाते. आकारबदलाच्या चलचित्रात मात्र एकाचा दुसरा होतो आणि पहिला नाहीसा होतो. सेगन यांनी आपल्यापर्यंत येणारी एकच फांदी निवडली होती. हे त्यांच्यासारखा निवेदक जवळ असेपर्यंत चालून जाते. पण तेच चित्र निवेदन गाळून फिरू लागले की उरते ती सरळ रांग. रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराच्या १९६५ सालच्या चित्राचे असेच झाले. त्यातील माकडसदृश पूर्वजापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची रांग पुस्तकातून सुटून जाहिरातींत आणि व्यंगचित्रांत शिरली आणि उत्क्रांती म्हणजे एकामागून एक चालणारी मिरवणूक असा समज घट्ट झाला.

प्रदर्शनातील चलचित्रांत आज माकडाचा माणूस सहज होतो. आणि मग दरवर्षी कोणत्या ना कोणत्या वर्गात तो प्रश्न येतो, "सर, मग आताची माकडे माणसे का होत नाहीत?" मुलावर हसण्यात अर्थ नाही. आपण त्याला एका माकडाचा माणूस होताना स्वतः दाखवलेले असते. तो पाहिलेल्या पुराव्यावरूनच प्रश्न विचारतो आहे.

नियमाचा जामीन

मग संगणकाचा आकारबदल विज्ञानशिक्षणात वापरूच नये का? तसे मुळीच नाही. जेथे बदलाचा नियम माहीत आहे आणि संगणकाला तोच दिलेला आहे, तेथे त्याच्यासारखा दुसरा मदतनीस नाही.

सहा सेंटिमीटर पाया आणि चार सेंटिमीटर उंचीचा आयत घ्या. त्याची वरची बाजू पाच सेंटिमीटर उजवीकडे सरकवून समांतरभुज चौकोन करा आणि मधले संगणकाला भरू द्या. कोणतीही चौकट थांबवा, पाया सहा आणि उंची चारच राहील, क्षेत्रफळ चोवीसच राहील. येथे बिंदू सरळ रेषेतच सरकायला हवे होते आणि संगणकाने त्यांना तसेच सरकवले. प्रत्येक मधले चित्र युक्लिडच्या प्रमेयाचे खरे उदाहरण आहे.

आता तोच आयत सहा आणि चार सेंटिमीटरच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून करा आणि तिरपा दाबत न्या. पायाशी होणारा कोन तीस अंशांचा झाला की क्षेत्रफळ चोवीसचे बारा झालेले असेल. हे चलचित्र सरळ अंतर्वेशनाने केले तर मध्यावर चार सेंटिमीटरची काडी साडेतीन सेंटिमीटरची होते. काडी लाकडाची, ती आखडणार कशी? नियम वेगळा, म्हणून आज्ञाही वेगळी हवी. जिओजेब्रासारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर कोनाला जोडला की काडीची लांबी कायम राहते. भूखंडांच्या सरकण्याचेही असेच आहे. प्राचीन पँजिया आणि आजचा नकाशा ही दोन चित्रे देऊन मधले भरायला सांगितले तर भारत रबरासारखा ताणत उत्तरेकडे जातो. भूपट्ट ताठ असतात. ते सरकतात आणि वळतात. आकार बदलण्याची आज्ञा येथे चूक, स्थान बदलण्याची बरोबर.

नियम पक्का माहीत नसेल तेव्हासुद्धा मधली चित्रे उपयोगी पडू शकतात, पण अंदाज म्हणून. डार्सी टॉमसन यांच्या १९१७ सालच्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथात चौकटीच्या कागदावर एक मासा काढून, त्या रेघा वाकवून त्याच्या नातेवाईक माशाचा आकार मिळवलेला आहे. त्याच ग्रंथात प्राचीन घोड्याची आणि आजच्या घोड्याची कवटी घेऊन मधल्या कवट्या गणिताने काढल्या आहेत आणि त्या प्रत्यक्ष सापडलेल्या जीवाश्मांशी ताडून पाहिल्या आहेत. संगणकाशिवाय केलेले हे आकारबदलाचे चलचित्रच म्हणायचे. फरक इतकाच की मधले चित्र दाखवून टॉमसन थांबले नाहीत, ते खरे आहे का हे त्यांनी विचारले.

काय करता येईल?

संशोधनात आम्हाला एक शिस्त सुरुवातीलाच लावली जाते. आलेख काढताना मोजलेली मापे ठळक ठिपक्यांनी दाखवायची आणि त्यांना जोडणारी रेषा निराळी, बारीक काढायची. ठिपका म्हणजे आम्ही पाहिलेले, रेषा म्हणजे आम्हाला वाटलेले. ठिपके न दाखवता नुसती रेषा काढलेला आलेख कोणी गंभीरपणे घेत नाही. आमच्या बेडकाच्या चलचित्रात मात्र आम्ही नेमके तेच केले होते.

शाळेतील चलचित्रांनाही हीच शिस्त लावावी असे आम्ही सुचवतो. मुख्य चित्रे, म्हणजे जी पाहून, मोजून किंवा विश्वासू पुस्तकावरून काढली आहेत ती, पूर्ण रंगात असावीत आणि प्रत्येकावर क्षणभर थांबावे. संगणकाने भरलेली मधली चित्रे फिकट करावीत. हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये जमते, आकाराची पारदर्शकता वाढवली की झाले. शेवटी एक ओळ लिहावी: मुख्य चित्रे इतकी, मधली संगणकाची. आणि प्रदर्शनात परीक्षकांनी चलचित्र मध्येच थांबवून विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा, "हे चित्र तुला कोणी सांगितले?" नियमाने, असे उत्तर आले तर नियम विचारावा. निरीक्षणाने, असे आले तर वही मागावी. सॉफ्टवेअरने, असे आले तरी गुण कापू नयेत. ते मूल निदान खरे बोलते आहे.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही बेडकाचे चलचित्र नव्याने केले. या वेळी पावसाळ्यात शाळेमागच्या डबक्यातील पाणी, शेवाळ आणि थोडे बेडूकमासे एका काचेच्या भांड्यात आणून ठेवले. मुलांनी दर दोन दिवसांनी पाहून चित्रे काढली आणि शेवटी सारे बेडूक डबक्यात सोडून दिले. वीसेक चित्रे जमली. काही वाकडीतिकडी, एकात डोळा राहून गेलेला. तीच मुख्य चित्रे म्हणून वापरली. चलचित्र आता थांबत थांबत, ठेचकाळत चालते. आधीसारखे गुळगुळीत नाही आणि टाळ्याही कमी पडतात. पण त्यात मागचे पाय आधी फुटतात, पुढचे नंतर येतात आणि शेपूट सर्वांत शेवटी जाते.